मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाणार?

रविवारची मिस्सा आटोपली म्हणजे आमच्या देवालयासमोरील चिंचेखाली एक दुसरी सभा भरते. तिला अध्यक्ष नसतो, कार्यक्रमपत्रिका नसते आणि तिचा वृत्तांतही कोणी लिहून ठेवीत नाही. तरी सार्वजनिक सुखदुःखाचे जितके विषय या सभेत निघतात, तितके एखाद्या नगरपालिकेच्या सभागृहातही निघत नसतील. आमच्या नित्याच्या वाचकांस हे ठाऊकच आहे की, या सदरातील निम्मे विषय आम्हांस त्या चिंचेनेच पुरविले आहेत. आजचाही विषय तेथलाच.

गेल्या रविवारी गोष्ट निघाली ती शहरांची. आमच्या धर्मग्रामातील बहुतेक घरांतले एखादे तरी मूल पोटापाण्यासाठी शहरात गेलेले आहे. कोणी बेळगावात, कोणी वडोदऱ्यास, कोणी हैदराबादेस, तर कोणी दूर इंदुरात. सुटीवर आलेल्या अशाच एका तरुणाने मंडळींस सहज विचारले, "समजा, एका दिवसापुरते सबंध शहर तुमच्या हाती दिले, तर ते सुधारण्यासाठी तुम्ही काय कराल?"

प्रश्न पडण्याचाच अवकाश, उत्तरांची झड लागली. एक म्हणाला, रस्ते रुंद करावेत. दुसरा म्हणाला, कचरा रोजच्या रोज उचलावा. मुलाकडे चार महिने राहून आलेल्या एका बाई म्हणाल्या, पाणी मध्यरात्री न सोडता पहाटे सोडावे, म्हणजे बायकांची झोप तरी होईल. आणखी एकीने बसस्थानकावर सावली आणि बायकांसाठी स्वच्छ शौचकूप हवे म्हणून सांगितले. सूचना एकाहून एक शहाणपणाच्या होत्या. परंतु घरी येताना आमच्या मनात आले की, या साऱ्या वाक्यांचा कर्ता एकच होता, आणि तो म्हणजे "त्यांनी". त्यांनी रस्ते करावेत, त्यांनी पाणी सोडावे, त्यांनी झाडून काढावे. ते कोण, कोठे राहतात आणि आपले म्हणणे त्यांच्या कानी कसे पोहोचणार, हे मात्र कोणीच बोलले नाही. एक म्हातारी बाय तेवढी सर्व वेळ मुकाट्याने ऐकत बसली होती. तिची गोष्ट शेवटी सांगू.

त्या तरुणाच्या प्रश्नाने आम्हांस एक जुनी हकीकत आठवली. एका दिवसापुरते शहर हाती मिळालेला एक मनुष्य खरोखरच होऊन गेला. आणि योगायोग असा की, ते शहर इंदूरच होते.

साल १९१७. इंदुरावर तिसरे तुकोजीराव होळकर राज्य करीत होते. होळकरशाहीमुळे तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत होती, तशी ती आजही नांदत आहेत. नगराची नवी आखणी करण्यासाठी महाराजांनी पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश गृहस्थास पाचारण केले होते. हे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. परंतु झाडाकडे पाहता पाहता त्यांची दृष्टी गावांकडे वळली. झाड जसे आपल्या मातीतून वाढते तसेच शहरही वाढते, ते कापून सरळ करता येत नाही, असे त्यांचे मत झाले. १८८६ साली विवाह झाल्यावर त्यांनी एडिंबरो शहराच्या एका जुनाट, गलिच्छ चाळीत बिऱ्हाड थाटले, आणि पत्नीसह शेजाऱ्यांच्या संगतीने ती वस्ती घासूनपुसून, रंग देऊन राहण्याजोगी केली. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले व पुढील दहा वर्षांत त्यांनी येथील कित्येक शहरांची पाहणी करून अहवाल लिहिले. त्यांत १९१६ सालचा बडोद्याचाही एक आहे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, तेव्हा त्या विषयाचे पहिले प्राध्यापक तेच होते.

१९१७ हे वर्ष या मनुष्याच्या आयुष्यातील सर्वांत काळे वर्ष. एप्रिलात त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला, आणि दोन महिन्यांच्या आत त्यांची पत्नी हिंदुस्थानातच आजारी पडून निवर्तली. असा घाव बसलेल्या मनुष्याने दार लावून बसावे, तर त्यास दोष कोण देणार? गेडिस मात्र इंदूरच्या गल्ल्यांतून पायी हिंडत होते.

त्या दिवसांत इंदुरात प्लेगाचे भय होते. हा रोग १८९६ साली मुंबईत प्रकट झाल्यापासून देशभर फिरत होता. उंदरांवरील पिसवांमुळे तो माणसांत येतो हे तोवर शास्त्रज्ञांस कळले होते. म्हणजे घरातील अडगळ, कुजके धान्य आणि कोपऱ्यातील घाण काढणे हा त्यावरचा एक खरा उपाय होता. परंतु तो लोकांच्या गळी उतरवावा कसा? १८९७ साली पुण्यात प्लेगाच्या बंदोबस्तासाठी सोजीर घरांत घुसविले गेले, तेव्हा काय अनर्थ ओढवला, हे इतिहासात नमूद आहे. सरकारी माणूस दारी आला म्हणजे घर मोडणार, माणूस उचलून नेणार, अशी धास्ती सर्वत्र बसली होती. गेडिस नकाशा घेऊन गल्लीत शिरले की लोक त्यांच्याकडेही भयाने बोट दाखवीत. हा म्हातारा साहेबच प्लेग घेऊन येतो, अशी वदंता होती.

तेव्हा गेडिसनी महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली. आपणांस एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार द्यावेत, ही ती मागणी! ती मान्य झाली. आता या एका दिवसाच्या राजाने कोणता हुकूम काढला असेल, असे वाचकांस वाटते? दंड? जप्ती? नाही. त्यांनी दवंडी पिटविली की, येत्या दिवाळीत शहरातून एक थोर मिरवणूक निघेल; मात्र तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या गल्लीतील अधिकाधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंग देऊन सज्ज झालेली असतील, त्याच गल्लीतून ती जाईल. घरातील केरकचरा नेण्यासाठी गाड्या फुकट मिळतील, अशीही व्यवस्था त्यांनी केली.

पुढे काय झाले ते गेडिसनी स्वतःच सांगून ठेवले आहे. शहरात एकच धांदल उडाली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे कोणास वाटणार नाही? जी घरे पिढ्यान् पिढ्या उकरली नव्हती, त्यांतून हजारो गाड्या घाण निघाली. भिंतींस चुना लागला, मोडकी दारे बसविली गेली, उंदरांचे सापळे लागले. आणि दिवाळीस मिरवणूक निघाली. तीत सुगीची चित्ररूपे होती. मागोमाग मोडक्या घरांचे देखावे, रोगराईचे अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगाचा प्रचंड उंदीर होता. त्यांच्या मागून कोण आले असेल? शहराचे झाडूवाले. अंगावर शुभ्र कपडे, हाती नवे झाडू, त्यांच्या गाड्या धुतलेल्या, बैल सजविलेले, आणि स्वतः त्यांच्या अंगावर फुले. ज्यांची सावलीदेखील टाळली जाई, ते त्या दिवशी राजमार्गाने सन्मानाने चालले. त्यांच्या मागून येणाऱ्या शहराचे देखावे होते; चांगली घरे, वाचनालय, बागा. तुळशीची रोपे वाटली गेली. अखेरीस तो उंदीर आणि ते राक्षस जाळून टाकण्यात आले.

त्यानंतर प्लेग ओसरला. येथे आम्ही वाचकांस फसवू इच्छीत नाही. या रोगाचा एक हंगाम असतो, आणि तो हंगामही त्या सुमारास सरत होता. म्हणून सारे श्रेय मिरवणुकीस देणे बरोबर होणार नाही. गेडिस स्वतः शास्त्रज्ञ होते; त्यांसही हे ठाऊक होते. परंतु एक गोष्ट निश्चितच झाली. ज्या माणसास पाहून लोक दारे लावीत, त्याच्यासाठी ती उघडली. आणि आपले शहर आपल्या हाताने बदलू शकते, हे लोकांस प्रत्यक्ष दिसले. पुढल्याच वर्षी, १९१८ साली, गेडिसनी इंदूर दरबारास आपला मोठा अहवाल सादर केला. परंतु आमच्या मते त्या अहवालाचे पहिले पान इंदूरच्या गृहिणींनी आपल्या झाडूने आधीच लिहिले होते.

या गोष्टीत एक मर्म आहे, ते आमच्या ग्रामवासी वाचकांनी ध्यानी घ्यावे. गेडिसनी लोकांस "तुम्ही घाणेरडे आहात" असे म्हटले नाही. त्यांनी मान देऊ केला आणि मान मिळविण्याची वाट प्रत्येकाच्या उंबरठ्यापासून सुरू केली. कचरा टाकण्यास सांगितले, तेव्हा तो नेण्यास गाडीही पाठविली. आणि ज्यांच्या कष्टावर स्वच्छता उभी असते, त्यांस मागे न लपविता पुढे आणले. या तीन गोष्टींपैकी एक जरी गाळली असती, तरी ती दवंडी म्हणजे आणखी एक सरकारी फर्मान ठरली असती.

आता त्याच इंदुरातील दुसरी हकीकत ऐका. ही तर आपल्या उकिरड्याचीच आहे. १९२४ साली तेथे वनस्पति-उद्योगाची एक संशोधन संस्था सुरू झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीतज्ज्ञ तिचे प्रमुख झाले. हा मनुष्य असे उघड म्हणे की, शेती आपण हिंदुस्थानातील शेतकऱ्यांकडून आणि पिकांवरील किडींकडून शिकलो. हेच आपले खरे प्राध्यापक. तेथे त्यांनी यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह खत करण्याची एक रीत बसविली. शेतातील काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत मुरलेली माती आणि चुलीची राख यांचे थरावर थर रचावयाचे, ओल राखावयाची, दोनतीन वेळा ढीग उलथावयाचा; सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, वास नसलेले खत तयार. १९३१ साली या दोघांनी पुस्तक लिहून ही रीत जगापुढे मांडली आणि पुढे ती "इंदूर पद्धत" या नावाने देशोदेशी गेली. शहराचे नाव जगाच्या शेतांत पोहोचले ते असे, एका खताच्या ढिगावरून!

आमच्या गावांतील कोणत्याही जुन्या माणसास यात नवल वाटणार नाही. उकिरड्याची किंमत त्याला कोणी शिकवावी लागली नाही. परंतु शहरात गेलेला त्याचाच मुलगा भाजीची देठे आणि काचेचे तुकडे एकाच पिशवीत बांधून खिडकीतून भिरकावतो, हेही खरे. गावात जे खत होते, तेच शहरात घाण होते. कारण ते वेगळे ठेवले जात नाही. एवढाच काय तो फरक.

इंदुराने हा फरक शंभर वर्षांनी ओळखला. भारत सरकार शहरांच्या स्वच्छतेची जी वार्षिक पाहणी करते, तीत २०१६ साली इंदूर पंचविसावे होते. २०१७ साली ते पहिले आले, आणि २०२३ सालच्या पाहणीपर्यंत सलग सात वेळा पहिले राहिले. शेवटच्या वेळी तो मान त्याने सुरतेबरोबर वाटून घेतला. हे कसे घडले? त्यात यंत्रे होती, पैसा होता, कडक अधिकारी होते, दंडही होता. परंतु मुख्य गोष्ट स्वयंपाकघरात घडली. शहराच्या ८५ प्रभागांत सकाळी गाणे लावीत कचरागाडी दारोदार येऊ लागली, आणि घरच्या माणसांनी ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असे करून तो गाडीच्या निरनिराळ्या कप्प्यांत टाकावयास आरंभ केला. लक्षावधी घरांनी रोज केलेले हे काम जर थांबले, तर सर्व यंत्रे दुपारपर्यंत निकामी होतील. देवगुराडिया येथे वर्षानुवर्षे साचलेला सुमारे १३ लाख टन कचऱ्याचा डोंगर उपसून ती जमीन मोकळी करण्यात आली. त्याच ठिकाणी फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचविण्याची योजना असलेला कारखाना सुरू झाला. त्यातून वाहनांसाठी गॅस आणि शेतीसाठी खत निघते. हॉवर्ड आणि वाड यांचा ढीगच जणू नव्या वेषात परत आला.

येथवरची गोष्ट गोड आहे, आणि एखादे सदर येथे संपवून "तुम्हीही असेच करा" म्हणणे सोपे झाले असते. परंतु आम्हांस तसे करता येत नाही. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस याच इंदुरात, भागीरथपुरा नावाच्या दाट वस्तीत, पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे उलट्या-जुलाबांनी अंथरुणास खिळली आणि कित्येक दगावली. देशातील सर्वांत स्वच्छ म्हणून गौरविलेल्या शहरात माणसे नळाचे पाणी पिऊन मेली! आणि सर्वांत दुःखाची गोष्ट ही की, पाण्यास दुर्गंधी येते अशी तक्रार तेथील रहिवाशांनी आधीच केलेली होती.

वाचकहो, क्षणभर येथे थांबा. शहर सुधारण्यासाठी रहिवाशांच्या कल्पना हव्यात, असे आज सगळेच म्हणतात. त्यासाठी पेट्या ठेवतात, सभा भरवितात, स्पर्धा लावतात. परंतु रहिवाशाची पहिली कल्पना कोणत्या रूपाने येते? ती सुंदर चित्राच्या रूपाने येत नाही. ती एखाद्या बाईच्या तोंडून येते, "पाण्याला वास येतो हो." हीच सूचना, हाच नगरविकासाचा प्रस्ताव. ती ऐकली गेली, तर माणसे वाचतात. ती "तक्रार" म्हणून टोपलीत पडली, तर नंतर कितीही हार घातले तरी गेलेली माणसे परत येत नाहीत. रस्ता झाडलेला सर्वांस दिसतो, त्याचे बक्षीसही मिळते. जमिनीखालची नळी कोणास दिसत नाही. तिची खबर फक्त तिच्या तोंडाशी घागर लावणारीस असते. म्हणून आम्ही म्हणतो की, सुधारणेचे अर्धे काम हाताचे, आणि अर्धे कानाचे.

गेडिस इंदुरात काय करीत होते? आधी गल्लीगल्लीतून हिंडत होते. रोग्यास तपासल्यावाचून औषध देऊ नये, तसे वस्ती समजून घेतल्यावाचून आखणी करू नये, हा त्यांचा दंडक होता. मिरवणूक हे त्यांच्या कामाचे फूल. त्याचे मूळ त्या पायपिटीत होते. आम्हां लोकांचा स्वभाव असा की, फूल तेवढे तोडून घरी आणतो.

आता आमच्या गावच्या मंडळींनी यातून काय घ्यावे? शहराच्या सभागृहात आपणांस कोणी बोलावीत नाही, हे खरे; परंतु गावात आपली बसण्याची जागा कायद्यानेच ठरविली आहे. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान दिले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्यास निवडून यावे लागत नाही. अनेक राज्यांत २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी ती भरते. शहरांत राहणाऱ्या मुलांसही सांगा की, त्याच वर्षी १ जूनपासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे सांगितले आहे. ही समिती आपल्या भागात आहे काय, ती कधी बसते, हे विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

परंतु सभेत बोलावे कसे, याचीही रीत आहे. ती अनुभवाने सांगतो. पहिली गोष्ट, "रस्ते सुधारावेत" असे मोघम बोलू नये. "शाळेच्या विहिरीपासून तिसऱ्या खांबापर्यंत गटार नाही, पावसात तेथे गुडघाभर पाणी साचते," असे जागा आणि माप देऊन बोलावे. मोघम मागणीस मोघमच उत्तर मिळते. दुसरी गोष्ट, मागणी लिहून द्यावी, तिच्यावर तारीख घालावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणे सभा संपताच हवेत विरते. कागद मात्र पुढच्या सभेत पुन्हा उभा राहतो. तिसरी गोष्ट, पुढच्या सभेस जावे आणि गेल्या वेळचे काय झाले ते विचारावे. आमचे निम्मे लोक मागणी करतात व पुन्हा फिरकत नाहीत. मग पंचायतीसही विसर पडावयास निमित्त मिळते. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, आपल्या मागणीत आपला वाटा सांगावा. "गटार खणण्यास पंचायतीने दगड-सिमेंट द्यावे, आमच्या वाडीतून माणशी दोन दिवसांचे श्रम आम्ही देऊ," या वाक्याचे वजन निराळे असते. त्यात "त्यांनी" बरोबर "आम्ही"ही येते.

पाण्याविषयी दोन शब्द वेगळे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण हा प्राणांचा प्रश्न आहे. ज्या नळास चोवीस तास पाणी नसते, त्याची नळी उरलेला वेळ रिकामी पडते. जमिनीत कोठे ती फुटलेली असली आणि शेजारी शौचकुपाची किंवा गटाराची गळती असली, तर रिकामी नळी ती घाण आत ओढून घेते. पुढल्या खेपेस पाणी सुटले की ती थेट घागरीत येते. म्हणून पाण्यास वास, रंग किंवा गढूळपणा आला, तर ते पिणे त्याच दिवशी थांबवावे व दुसरीकडून पाणी आणावे. नुसते उकळल्याने जंतू मरतात, पण सर्व प्रकारची घाण जात नाही. शेजाऱ्यांस सांगावे व त्याच दिवशी पंचायतीस लेखी कळवावे. घरोघर नळ पोहोचविण्यासाठी २०१९ साली जी केंद्रीय योजना निघाली, तीत प्रत्येक गावी पाच स्त्रियांस पाणी तपासण्याचे साहित्य व शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावी त्या पाच बायका कोण, हे आमच्या वाचक भगिनींनी विचारावे. नेमल्या नसतील, तर स्वतः पुढे व्हावे. ज्या हातांस रोज घागर लागते, त्याच हातांत ती तपासणीची बाटली असणे सर्वांत योग्य.

आता त्या म्हाताऱ्या बायची गोष्ट. या रविवारी चिंचेखाली आम्ही ही इंदूरची हकीकत सांगितली. मंडळी रंगून गेली. लगोलग एकाने सूचना केली की, यंदा आमच्या देवालयाच्या सणाची मिरवणूकही अशीच काढावी. जी वाडी सर्वांत स्वच्छ, तिच्यातून ती न्यावी. सर्वांनी मान डोलाविली. फादरांसही ती कल्पना आवडलेली दिसली. तेव्हा गेल्या रविवारी गप्प बसलेली ती बाय उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या खालच्या वाडीत गटारच नाही. वरच्या वाडीचे सांडपाणी आमच्या दारात येऊन थांबते. आम्ही कितीही झाडले तरी आमची वाडी पहिली यायची नाही. मग मिरवणूक आमच्याकडे कधीच यायची नाही का?"

चिंचेखाली अशी शांतता पूर्वी कधी पसरलेली आम्हांस आठवत नाही. तिच्या त्या दोन वाक्यांनी आमच्या इंदूरच्या कथेतील उणी बाजू उघडी पाडली. ज्यांच्याजवळ चुना आहे, गटार आहे, मोकळा वेळ आहे, त्यांनाच मान मिळणार असेल, तर ती स्पर्धा कसली? गेडिसनी घाण नेण्यास गाड्या आधी पाठविल्या होत्या, हे आम्ही सांगितले खरे, पण ऐकणाऱ्यांनी ते ऐकले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर, सांगताना आम्हांसही त्याचे पुरते महत्त्व कळले नव्हते. तिला ते कळले, कारण पाणी तिच्या दारात थांबते.

बराच वेळ कोणी बोलेना. मग वरच्या वाडीतील एक वडीलधारे गृहस्थ, जे कोणाचे ऐकून घेण्याबद्दल फारसे प्रसिद्ध नाहीत, खाली मान घालून म्हणाले, "पाणी आमचे आहे. गटारही आम्हीच खणावयास हवे." तेथेच बेत ठरला. पंचायतीस द्यावयाचा अर्ज आमच्याच हातून लिहून घेण्यात आला. त्यात वरच्या विहिरीपासून ओढ्यापर्यंतचे माप घातले आहे आणि खाली दोन्ही वाड्यांतील माणसांच्या सह्या आहेत. पुढच्या शनिवारपासून दोन्हीकडचे तरुण फावडी-टिकाव घेऊन कामास लागतील. पंचायतीचे दगड वेळेवर आले तर उत्तम; न आले तर मातीचा चर तरी निघेलच, आणि अर्ज पुढच्या ग्रामसभेत पुन्हा उभा राहील.

सणाच्या मिरवणुकीचा मार्गही ठरला. ती खालच्या वाडीतून जाणार आहे. स्पर्धा झाली नाही. मार्ग आधी ठरला, आता काम त्याच्या मागे धावते आहे. बाय मात्र अजून पुरती समाधानी नाही. ती म्हणते, "चर खणून पाणी वाहिलेले डोळ्यांनी पाहीन, मग फुले तोडायला घेईन."

तिचे बरोबर आहे. चर निघाला की नाही, हे आम्ही वाचकांस याच सदरातून कळवू.